आरएन (नोंदणीकृत नर्स) व्हायचंय: वेगवान असोसिएट डिग्री घ्यावी की कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं?

जोडीदाराच्या नोकरीमुळे अमेरिकेत आलेले आणि तिशी-पस्तिशीत नर्सिंगकडे वळू पाहणारे बरेच मराठी लोक एकाच प्रश्नापाशी अडतात. खासगी कॉलेजचा अठरा-वीस महिन्यांचा वेगवान असोसिएट (बॅचलरपेक्षा छोटी पदवी) करायचा, की काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सरकारी कम्युनिटी कॉलेजचा नेहमीचा? मी न्यू जर्सीत दोन्हीकडे अर्ज केले, दोन्हीकडे जागा मिळाली आणि दुसरा रस्ता धरला. मंडळातली एक मैत्रीण त्याच सुमारास पहिल्या रस्त्याने गेली. आज आम्ही दोघंही आरएन म्हणून काम करतो. पुढचं सगळं या दोन अनुभवांवरून लिहितोय, त्यामुळे तुमच्या राज्यात, तुमच्या काउंटीत थोडं वेगळं असू शकेल.

आधीच पदवीधर असलेल्यांसाठीचा वर्ष-दीड वर्षाचा नर्सिंगचा बॅचलर आधी बाजूला काढू. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. इथल्या मूल्यांकनात अनेकदा चार वर्षांच्या पदवीइतकी धरली जात नाही आणि मग तो दरवाजा बंद होतो. चार वर्षांची बी.ई. किंवा बी.फार्म. असेल आणि फी झेपणार असेल, तर मात्र आधी तिकडेच बघा.

पैशांचं थोडक्यात. बॅचलर पदवी असलेल्याला पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) मिळत नाही, मग ती पदवी परदेशातली का असेना. ग्रीन कार्डवाल्याला सरकारी कर्ज मिळू शकतं, एच-फोरवर (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) तेही नाही. म्हणजे खासगी कॉलेजची फी बहुधा बचतीतून किंवा महागड्या कर्जातून जाणार. काउंटीतल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजमध्ये पडणाऱ्या फीशी तिची तुलना करून बघितली, तेव्हा आमच्या घरी फार चर्चा करावी लागली नाही. तरी निव्वळ पैशांवरून मी ठरवलं नसतं. लवकर नोकरी लागली तर पगारही लवकर सुरू होतो, हा हिशोब खराच आहे.

खरा प्रश्न ‘वेगवान’ म्हणजे नेमकं काय, हा आहे. असोसिएट डिग्रीचा अभ्यासक्रम मुळातच आटोपशीर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सेसचा तुटवडा पडला, तेव्हा मिल्ड्रेड मॉन्टॅग यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये सात ठिकाणी हा प्रयोग सुरू झाला. हॉस्पिटलच्या तीन वर्षांच्या डिप्लोम्याऐवजी कॉलेजमधली दोन वर्षं, अशी ती कल्पना. त्यातून आणखी काही गाळायला फारशी जागा उरलेली नाही. मेड-सर्ज (मोठ्यांचे आजार आणि शस्त्रक्रिया), पेडियाट्रिक्स, ओबी (प्रसूती), सायकियाट्री सगळं करावंच लागतं, क्लिनिकलही, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष प्रशिक्षणही, करावं लागतं आणि शेवटी दोघांना एन्क्लेक्स ही परवान्याची परीक्षा एकच. वेगवान प्रोग्राममध्ये कमी होतात त्या सुट्ट्या आणि दोन टर्ममधला श्वास.

एकट्या माणसाला हे चालून जाईल. मला नडलं ते क्लिनिकलचं वेळापत्रक.

कॉलेजांची स्वतःची हॉस्पिटलं क्वचित असतात. आसपासच्या हॉस्पिटलांकडून जागा मागून घ्याव्या लागतात आणि त्या जागांसाठी अनेक कॉलेजं रांगेत असतात. जुने संबंध असलेल्या कम्युनिटी कॉलेजला आमच्याकडे आठवड्यातले ठरलेले वार मिळायचे आणि ते सेमिस्टर सुरू होण्याआधी कळायचे. मैत्रिणीच्या कॉलेजला जे उरेल ते मिळायचं. कधी शनिवार-रविवार, कधी संध्याकाळची शिफ्ट, कधी तासाभराच्या अंतरावरचं नर्सिंग होम (इथे म्हणजे वृद्धांचं शुश्रूषागृह). टर्म तोंडावर आली तरी वार ठरलेले नसायचे, आणि ठरलेले बदलायचेही. माहिती-सत्रात मीही हा प्रश्न विचारला होता. ‘विद्यार्थ्यांनी लवचिक राहावं’ एवढंच उत्तर मिळालं.

घरात लहान मूल असेल तर ही गोष्ट छोटी राहत नाही. सकाळच्या क्लिनिकलला पावणेसातला वॉर्डवर उभं राहायचं असतं आणि आमचं डेकेअर सातला उघडायचं. मंगळवार-गुरुवार ठरलेले असल्यामुळे बायकोने ते दोन दिवस घरून काम मागून घेतलं आणि प्रश्न मिटला. वार दर टर्मला ऐनवेळी कळणार असते, तर कुठल्या मॅनेजरकडे काय मागणार? क्लिनिकलची दांडी बऱ्याच ठिकाणी एखादीच चालते, तीही भरून काढावी लागते. आई-बाबांना बोलवावं म्हटलं, तर व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने. सेमिस्टर आणि उन्हाळ्याची सुट्टी आधी माहीत असेल तर त्यांची तिकिटं बरोबर जड काळात बसवता येतात. आम्ही तसंच केलं. वर्षभर न थांबणाऱ्या प्रोग्राममध्ये सगळाच काळ जड, मग त्यांना बोलवायचं कधी? मैत्रिणीने ते निभावलं, कारण तिच्या सासूबाईंकडे ग्रीन कार्ड होतं आणि त्या कायम इथेच होत्या. तिच्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण घरात तशी माणसं नसती तर ते जमलं नसतं, असं तीही म्हणते.

वेगवान प्रोग्रामच्या बाजूचंही सांगायला हवं. कम्युनिटी कॉलेजची प्रवेशाची रांग हा गंभीर अडथळा आहे. काही ठिकाणी गुणांवर प्रवेश, काही ठिकाणी प्रतीक्षा यादी, काही ठिकाणी चक्क लॉटरी. त्यात अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे क्रेडिट अनेक कॉलेजं पाच किंवा सात वर्षांपर्यंतच मानतात. प्रवेशाआधीच पूर्ण केलेले हे क्रेडिट थांबता थांबता बाद होणार असतील, तर वेगवान प्रोग्रामच शहाणपणाचा. शिवाय तिथे वर्षातून दोन-तीनदा नवी बॅच सुरू होते. एखादा विषय गेला तर पुढच्या बॅचबरोबर बसता येतं. आमच्याकडे शरद ऋतूत एकच बॅच, म्हणजे नापास झालात की अख्खं वर्ष. बऱ्याच ठिकाणी उत्तीर्णतेची रेषा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर असते हे लक्षात घेतलं, तर ही भीती पोकळ नाही.

नोकरीच्या मुलाखतीत कोर्स किती महिन्यांत संपवलात हे मला कुणी विचारलं नाही, मैत्रिणीलाही नाही. बीएसएन (नर्सिंगची बॅचलर) कधी करणार, हे मात्र दोघांनाही विचारलं. शेजारच्या न्यू यॉर्कमध्ये तर २०१७ चा कायदाच आहे, की नव्या आरएनने परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत बॅचलर घ्यावी. तेव्हा असोसिएटनंतर आणखी शिकणं आहे, असं धरूनच चाला. अनेक हॉस्पिटलं त्याची फी देतात आणि वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त असते. मात्र आधीच्या कॉलेजचे क्रेडिट पुढे चालायला हवेत. कम्युनिटी कॉलेजच्या क्रेडिटना मला कुठेच अडचण आली नाही. खासगी कॉलेजच्या बाबतीत, तुम्हाला पुढे जिथे बीएसएन करायचं आहे तिथेच लेखी विचारून घ्या.

राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या यादीत कॉलेजचं नाव बघायला विसरू नका. २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन संस्थांनी ७,६०० हून अधिक बनावट नर्सिंग डिप्लोमे विकल्याचं उघड झालं होतं. एन्क्लेक्सच्या निकालाबरोबर किती जण वेळेत पूर्ण करतात तेही बघा. कच्च्या विद्यार्थ्यांना अंतिम अंतर्गत परीक्षेत अडवून ठेवलं, तर एन्क्लेक्सचा निकाल आपोआप चांगला दिसतो.

घरात मोठं माणूस कायम असेल, फी हाताशी असेल आणि काउंटीची रांग लांब असेल, तर वेगवान प्रोग्राम घ्या, बिनदिक्कत घ्या. लहान मूल आणि नवरा-बायको दोघंच असाल, तर मी तरी काउंटीच्या रांगेत उभा राहीन. ठरवायच्या आधी दोन्ही कॉलेजांतल्या दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि मागच्या टर्मला क्लिनिकलचे वार किती आधी कळले होते, ते विचारा.