व्हॅरम पर्सी, यॉर्कशायर: उजाड गाव आणि त्याची दफनभूमी

इथे तिकीट नाही, दुकान नाही, चहाची टपरीही नाही. इंग्लंडमधली ऐतिहासिक स्थळं सांभाळणाऱ्या ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेच्या देखरेखीखालचं हे उजाड मध्ययुगीन गाव दिवसाउजेडी कधीही फुकट पाहता येतं. काहीच न वाचता गेलात तर एक पडकं चर्च आणि भरपूर गवत दिसेल, तेवढंच. चर्चच्या आवारातल्या कबरींनी काय सांगितलं ते ठाऊक असेल, तर मात्र मध्ययुगीन शेतकऱ्याचं आयुष्य इतक्या जवळून कळणारी जागा इंग्लंडमध्ये क्वचितच सापडेल.

यॉर्कहून रेल्वेने माल्टन गाठा. तिथून साधारण १० किमी, पण ते स्वतःच्या गाडीने किंवा टॅक्सीने. वाहनतळापासून गाव सव्वा किलोमीटर आत आहे. जाताना उतार, म्हणजे येताना चढ. जमीन खडूच्या खडकाची असल्याने पावसानंतर वाट निसरडी होते. साधे स्पोर्ट्‌स शूज चालणार नाहीत, घोट्यापर्यंतचे पकड असलेले बूट हवेत. बाबागाडी किंवा व्हीलचेअर नेण्याजोगा हा रस्ता नाही. कुरणात गुरं चरतात, तेव्हा प्रत्येक फाटक आपल्यामागे लावून घ्या.

आधी चर्च बघा. सेंट मार्टिनच्या भिंतींत बुजवलेल्या कमानी स्पष्ट दिसतात. वस्ती वाढली तशा चर्चला बाजूच्या ओवऱ्या जोडल्या गेल्या. वस्ती घटल्यावर त्या पाडल्या आणि कमानी चिणून टाकल्या. गावाची भरती-ओहोटी या एका भिंतीत वाचता येते. १३४९च्या प्लेगने गाव खचलं, पण संपलं नाही. १५००च्या सुमारास शेवटची कुटुंबं उठवली गेली ती मेंढ्यांच्या कुरणांसाठी. मनोऱ्याचा अर्धा भाग १९५९मध्ये कोसळला.

आता मुख्य गोष्ट. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात इथे उत्खनन चाललं. चर्चमधून आणि भोवतालच्या आवारातून ६८७ सांगाडे निघाले. ते दहाव्या ते एकोणिसाव्या शतकातले आहेत, पण बहुतेक मध्ययुगीन. गाव उठल्यावरही आसपासच्या छोट्या वस्त्यांतले लोक इथेच पुरले जात, म्हणून काळ इतका लांबतो. हाडं इतकी चांगली टिकली याचं श्रेय खडूच्या चुनखडीयुक्त मातीला. आम्लधर्मी मातीत, म्हणजे आपल्या कोकणातल्या जांभ्यासारख्या जमिनीत, हाडं विरून जातात.

मुलांच्या सांगाड्यांवरून निघालेले निष्कर्ष सगळ्यात मोलाचे आहेत. दातांच्या वाढीवरून वय कळतं आणि मांडीच्या हाडावरून उंची. दोन्ही ताडून पाहिलं तेव्हा इथला १४ वर्षांचा मुलगा आजच्या १० वर्षांच्या मुलाएवढा भरला. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या हाडांत नायट्रोजनच्या जड प्रकाराचं (नायट्रोजन-१५) प्रमाण आईपेक्षा जास्त असतं आणि दूध तुटलं की ते उतरतं. त्यावरून इथल्या आया साधारण दीड वर्ष बाळाला पाजत होत्या असं दिसलं. चाळिशीतल्या एका माणसाच्या कवटीवर जबर घाव आहे. त्यावर कोणीतरी कवटी खरवडून शस्त्रक्रिया केली आणि हाड पुढे भरून आलं. हा माणूस ९६० ते ११००च्या दरम्यानचा. अशा खेड्यात इतके कुशल हात असलेलं कोणी होतं, किंवा बोलावून आणता येत होतं, ही गोष्ट थक्क करणारी आहे.

‘झोम्बींचं गाव’ अशा मथळ्यांमुळे कुणी इथे येत असेल तर एक दुरुस्ती करून घ्यावी. हे मथळे ज्यांच्यावरून आले ती तोडलेली, सुरीच्या खुणा असलेली, भाजलेली १३७ हाडं दफनभूमीत मिळालेली नाहीत. ती घरांच्या मधल्या एका खड्ड्यातली आहेत. निदान दहा माणसांची, अकराव्या ते चौदाव्या शतकातली. मांस खाण्यासाठी कापलं असतं तर वार सांध्यांजवळ आणि मोठ्या स्नायूंच्या जागी पडले असते. इथे ते डोकं आणि मान या भागांत एकवटले आहेत. लहानपणीच्या अन्नपाण्यातून दातांत उतरणाऱ्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून ही माणसं इथलीच होती असं दिसतं. मेलेला उठून त्रास देईल या भीतीने प्रेतं तोडली-जाळली असावीत, हा या हाडांच्या २०१७च्या अभ्यासाला सगळ्यात पटणारा अर्थ वाटला. तो तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

उणीव एकच, पण मोठी: कबरींच्या जागी आता फक्त हिरवळ आहे आणि हाडं इथे बघायला मिळत नाहीत. वर पठारावरच्या घरांचंही तसंच, जोती गवताखाली आहेत. भर दुपारी ती ओळखूच येत नाहीत. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात सावल्या पडल्या की घरांच्या रांगा आणि मधली वाट उठून दिसते. त्या हिशोबाने वेळ ठरवा. चालण्यासकट अडीच-तीन तास धरा. पाणी, खाणं आणि पावसाचं जाकीट बरोबर हवंच. स्वच्छतागृहाची सोय माल्टनलाच उरकून घ्या.