गोव्याचा कार्ताझ : घ्यावा की न घ्यावा?

पोर्तुगीज सरकारने हिंदी महासागरातील व्यापाऱ्यांना दोन शतकांहून अधिक काळ विकलेल्या ‘कार्ताझ’ या सागरी परवान्याबद्दल जेव्हा लिहिले जाते, तेव्हा हिशेब बहुधा विकणाऱ्याच्या बाजूने मांडलेला असतो : तिजोरीत काय जमा झाले, आरमारावर काय खर्ची पडले, लिस्बनला काय पोहोचले. येथे तो गिऱ्हाइकाच्या बाजूने मांडायचा आहे. खंबायतचा सावकार किंवा दाभोळचा नाखुदा (जहाजाचा कप्तान) हा कागद पदरचे पैसे मोजून घेत असे, तेव्हा त्याच्या हाती नेमके काय पडत होते, आणि त्या काळी कोणी सल्ला विचारला असता तर त्याला काय सांगावे लागले असते, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

आधी विक्रेत्याविषयी. वास्को द गामाची दुसरी सफर १५०२ साली मलबारच्या किनाऱ्याला लागली, तेव्हापासून हे परवाने देण्याची सुरुवात झाली. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा घेतल्यावर या धंद्याला मुख्य कचेरी मिळाली, आणि पुढे होर्मुझ, मलाक्का, चौल, वसई, दीव ही ठाणी तिच्या शाखांसारखी उभी राहिली. पोर्तुगालचा राजा मानुएल याने इथिओपिया, अरबस्तान, इराण व हिंदुस्थान येथील नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी अशी पदवी आधीच स्वतःला लावून घेतली होती. समुद्र आमचा, तेव्हा त्यावरून जायचे तर आमची परवानगी हवी, हा त्या पदवीचा व्यवहारातला अर्थ. या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याला जकात नवी नव्हती. बंदरात माल उतरवला की बंदराच्या धन्याला त्याचा वाटा द्यायचा, हे खंबायतपासून कालिकतपर्यंत सगळीकडे चालतच होते. नुसत्या पाण्यावरून जाण्यासाठी कोणाचा कागद लागतो, ही गोष्ट मात्र त्याने पूर्वी ऐकलेली नव्हती.

आता कागद स्वतः. कार्ताझावर जहाजाचे नाव व आकारमान, नाखुद्याचे नाव, जहाजावरील शस्त्रे, निघण्याचे व पोहोचण्याचे बंदर आणि मुदत असा तपशील असे, आणि खाली ठाण्याच्या अधिकाऱ्याची सही व मोहोर. त्यानंतर काय नेता येणार नाही याची यादी येई, आणि परवान्याचा खरा स्वभाव कळतो तो या यादीतून. मिरी, दालचिनी, आले हे जिन्नस राजाच्या मक्त्याचे म्हणून वगळलेले. लोखंड, पोलाद, तांबे, शिसे, गंधक, सोरा हे शत्रूच्या तोफखान्याला उपयोगी म्हणून वगळलेले. लाकूड आणि काथ्या शत्रूच्या गलबतांना उपयोगी म्हणून वगळलेले. तुर्कांना जहाजावर घ्यायचे नाही, हेही त्यात होतेच. मलबारच्या ज्या व्यापाऱ्याच्या चार पिढ्या मिरीवर जगल्या होत्या, त्याला हा परवाना सांगत असे की तू समुद्रात खुशाल जा, फक्त तुझा धंदा घरी ठेवून जा. काळजीपूर्वक वाचणाऱ्या गिऱ्हाइकाने व्यवहार येथेच थांबवला असता. पण परवाना नसलेले जहाज वाटेत सापडले तर मालासकट जप्त होत असे, आणि त्यावरच्या माणसांचे काय होईल हे पकडणाऱ्या कप्तानाच्या मर्जीवर असे, त्यामुळे थांबण्याची सोय फार थोड्यांना होती.

खरी कमाई कागदाच्या फीतून होत असे, असा किमतीबाबत एक गैरसमज आढळतो. ही फी किरकोळ होती, आणि केवळ फीवर गोव्याची तिजोरी भरली असती असे मुळीच नाही. महसूल मिळत असे तो परवान्याबरोबर येणाऱ्या अटीतून : जहाजाने पोर्तुगीज नाक्यावर यायचे, तेथील जकात भरायची आणि परत येऊन पुन्हा भरू याबद्दल जामीन द्यायचा. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली, त्या तहात ही अट उघडपणे लिहिलेली आहे. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजाने आधी वसईस येऊन कार्ताझ घ्यावा आणि परतल्यावर वसईसच येऊन जकात द्यावी, असे त्यात ठरले. नकाशा समोर ठेवून पाहावे. खंबायतच्या आखातातून बाहेर पडलेल्या जहाजाला एडनसाठी पश्चिमेकडे वळायचे असते. त्याऐवजी त्याने दक्षिणेला वसईपर्यंत उतरायचे, तेथे कारकुनाची वाट पाहायची, आणि मग मोकळ्या समुद्राला लागायचे. पावसाळ्याआधीच्या मोजक्या वाऱ्यांवर ज्याचा सगळा हंगाम अवलंबून, त्याच्या दृष्टीने हे गेलेले दिवस फीपेक्षा कितीतरी महाग होते. पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांना दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली आणि गुजरातच्या जहाजांसाठी हा नाका तिकडे सरकला. खेप कमी झाली, पण अट कायम राहिली.

घोड्यांच्या बाबतीत हीच युक्ती अधिक सफाईने वापरलेली दिसते. विजयनगर आणि दख्खनच्या सुलतानांना अरबी घोडे हवेच असत, आणि ते होर्मुझमार्गे येत. पोर्तुगीजांनी घोड्यांची जहाजे गोव्याकडे वळवली आणि प्रत्येक घोड्यावर जबर जकात बसवली; उलट पुरेसे घोडे आणणाऱ्याला त्याच्या इतर मालावर सवलतही देऊ केली. एकीकडे दरारा आणि दुसरीकडे सूट, अशी ती रचना होती. महसूल वाढवण्याचे कसब म्हणून पाहिले तर याला दाद द्यावीच लागते. ज्याने ही सवलत सुचवली त्याला बाजार कळत होता.

वरखर्चाचा उल्लेख केल्याशिवाय किमतीची चर्चा पुरी होत नाही. किल्ल्यांची कप्तानी साधारण तीन वर्षांच्या मुदतीने दिली जात असे आणि तीन वर्षांत आयुष्यभराची बेगमी करायची हे मिळवणाऱ्याने गृहीत धरलेले असे. बरेच कप्तान स्वतःच व्यापार करीत. म्हणजे परवान्यासाठी ज्याच्यासमोर उभे राहायचे, तोच आपल्या मालाचा प्रतिस्पर्धी; अशा माणसाने कागद लवकर द्यावा यासाठी काय करावे लागत असेल, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

थोर गिऱ्हाइकांचा अनुभवही फारसा वेगळा नव्हता. बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तेव्हा तिच्या मंडळींना सुरतेस बराच काळ अडकून पडावे लागले आणि १५७६ मध्ये जहाजे सुटली. पोर्तुगीजांची मर्जी राखून परवाना मिळावा म्हणून तिने दमणजवळचे बुत्सर हे गाव त्यांना देऊन टाकले, असे अकबराच्या दरबारात आलेल्या जेझुइट पाद्री मोन्सेराते याने नोंदवले आहे. यात्रेहून परत आल्यावर ते गाव परत घेण्याचे हुकूम सुटले आणि त्यावरून तंटा झाला. बादशहाच्या आत्याला एका फेरीसाठी गाव द्यावे लागते आणि काम झाल्यावर ते मागे घ्यावेसे वाटते, याहून बोलका अभिप्राय कोणत्या ग्राहकाने द्यावा? खुद्द अकबराला वर्षाला एका जहाजासाठी कार्ताझ मोफत मिळत असे. बड्या गिऱ्हाइकाला एक नग फुकट देऊन बाकीच्या मालाचा खप टिकवण्याची ही रीत पुढे कोणत्याही व्यापारी कंपनीला नवी वाटली नसती. त्याच दरबारातील धर्मपंडित मखदूम-उल-मुल्क याने मात्र परवान्यावर मरियम व येशू यांच्या प्रतिमा असतात, म्हणून समुद्रमार्गे हज करणे बंधनकारक राहत नाही, असा फतवा दिला होता. त्याचा हेतू शुद्ध होता की नाही याबद्दल त्याच्याच काळातील इतिहासकार बदायुनीला शंका होती, ती वेगळी गोष्ट.

आता सेवेच्या एकमेव आश्वासनाकडे येऊ. कार्ताझ घेतला की निदान पोर्तुगीज तरी जहाजाला हात लावणार नाहीत, एवढे आणि एवढेच हा कागद देत होता. वादळापासून तो वाचवत नव्हता, मलबारी हल्लेखोरांपासून नाही, आणि पुढे इंग्रज व डच आले तेव्हा त्यांच्यापासूनही नाही. हे एक आश्वासनही १६१३ साली मोडले. जहांगीरची आई मरियम-उज-जमानी हिचे ‘रहिमी’ हे मोठे जहाज तांबड्या समुद्राकडून सुरतेस परतत होते. त्यावर शेकडो यात्रेकरू होते, मौल्यवान माल होता आणि रीतसर घेतलेला कार्ताझही होता. पोर्तुगीजांनी ते तरीही पकडून गोव्यास नेले. मोगलांनी सुरतेस इंग्रजांना थारा दिला, याचा राग त्यामागे होता. म्हणजे गिऱ्हाइकाने अटी पाळल्या की नाही हे कोणी पाहिलेच नाही. विक्रेत्याचे दुसऱ्याच कोणाशी भांडण होते आणि परवाना त्या भांडणात ओलीस ठरला.

तक्रार निवारणाची व्यवस्था कशी होती, हेही याच प्रकरणावरून दिसते. जहांगीरने पोर्तुगीजांचा व्यापार बंद केला, आग्र्यातील जेझुइटांच्या चर्चला कुलूप लावले आणि मुकर्रबखानाला दमणवर पाठवले. तेव्हा कुठे १६१५ मध्ये समझोत्यापर्यंत गोष्ट आली. ज्याच्याजवळ दमणला वेढा घालण्याइतकी फौज आहे त्याच्यासाठी ही व्यवस्था ठीक म्हणता येईल. राजापूरच्या एखाद्या व्यापाऱ्याचे गलबत याच रीतीने गेले असते, तर त्याने दाद मागायची ती गोव्यात, म्हणजे ज्याने गलबत नेले त्याच्याच दारात.

गल्लीतल्या दादाच्या हप्त्याशी या सगळ्याची तुलना करण्याचा मोह होतो आणि ती बरीचशी लागूही पडते, कारण धोका आणि धोक्यापासूनचे संरक्षण एकाच दुकानात मिळत होते. पण दादा नोंदवही ठेवत नाही. गोव्याच्या दफ्तरखान्यात कार्ताझांच्या नोंदवह्या जपल्या गेल्या आहेत, आणि जहाजामागून जहाज, नाखुद्यामागून नाखुदा अशी शिस्तशीर नोंद करणारे हे सरकार जोरजबरदस्तीला कागदी रूप देण्यात फार पुढे गेले होते, हे मान्य केले पाहिजे. आणखी एक : दादाला तुम्ही त्याच्याच पेठेत माल उतरवावा अशी गरज नसते. गोव्याला होती.

या पेठेची वसुली कोण करीत होते हे पाहिल्यास चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. जकातीचे व इतर करांचे मक्ते लिलावाने दिले जात, आणि सतराव्या शतकात ते घेणाऱ्यांत बहुसंख्य हिंदू होते, त्यातही सारस्वत मोठ्या संख्येने. बिगर-ख्रिस्ती माणसाला अशी कामे देऊ नयेत म्हणून धर्मपरिषदा वारंवार ठराव करीत. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय, १५६० पासून गोव्यात बसले होते. तरीही मक्त्याच्या बोलीची वेळ आली की सरकारला रोख रक्कम आणि बाजाराची माहिती ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडेच जावे लागे.

विक्रेत्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे होईल. गुजरातहून गोव्याकडे येणाऱ्या जहाजांना पोर्तुगीज लढाऊ गलबतांच्या पहाऱ्यात काफिल्याने आणण्याची सोय होती, आणि कापड व नीळ घेऊन येणाऱ्या लहान व्यापाऱ्याला तिचा खरोखर उपयोग होता. मलबारचे हल्लेखोर ही काल्पनिक भीती नव्हती. परंतु त्यांतील अनेकांचा पूर्वीचा मिरीचा व्यापार याच परवानापद्धतीने बुडवला होता. मलबारच्या ज्या दर्यावर्दी पुढाऱ्याला, कुंजाली मरक्काराला, १६०० मध्ये गोव्यात देहदंड दिला, त्याचे घराणेही मूळचे व्यापाऱ्यांचेच सांगितले जाते. शिवाय काफिल्याबरोबर चालणाऱ्याला वाटेत दुसरीकडे वळता येत नसे, त्यामुळे पहारा हा जकात चुकवू न देण्याचा बंदोबस्तही होता.

पर्याय होते का? सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुमात्रातील आचेहून मिरी घेऊन जहाजे मालदीवच्या बाजूने थेट तांबड्या समुद्रात जाऊ लागली, आणि पोर्तुगीजांना ती वाट कधीच पुरती बंद करता आली नाही. हा मार्ग धाडसाचा, पण मोठी जहाजे आणि सशस्त्र माणसे ज्यांच्याजवळ होती त्यांना परवडणारा. १६२२ मध्ये होर्मुझ, १६४१ मध्ये मलाक्का आणि १६६३ मध्ये कोची गेल्यावर कार्ताझाच्या मागची ताकदच ओसरली, आणि मग परवाने देणाऱ्यांची गर्दी झाली. डच देऊ लागले, मुंबईहून इंग्रज देऊ लागले, आणि कुलाबा व विजयदुर्गाच्या जोरावर कान्होजी आंग्रे यांनीही कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्याने आपले दस्तक घ्यावे असा आग्रह धरला. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर चाल केली, ती फसली. परवाना विकणाऱ्या दोघांनी तिसऱ्या परवाना विकणाऱ्याला लुटारू म्हणावे, यातला विनोद त्या काळच्या सावकारांना नक्की कळला असेल. मराठ्यांच्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच की रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी कौल (अभयपत्र) घेतलेल्या तरांड्यांना, म्हणजे जहाजांना, उपद्रव देऊ नये, सावकारी वाढवावी, असे बजावले आहे. प्रत्यक्षात ते दर वेळी पाळले गेले असे मी म्हणणार नाही, पण घेतलेल्या पैशाला काही बांधिलकी असते ही जाण तेथे लेखी सापडते.

सल्ला द्यायचा तर तो गिऱ्हाइकागणिक वेगळा द्यावा लागेल. कापड घेऊन खंबायत ते गोवा या पट्ट्यातच फिरणाऱ्याने सोळाव्या शतकात कार्ताझ घेणे शहाणपणाचे होते. त्याचा माल बंदीच्या यादीत नव्हता, त्याला तसेही गोव्यात उतरायचे होते आणि काफिल्याचा पहारा त्याला मिळत होता. घोड्यांच्या व्यापाऱ्याने जकात जमेस धरूनच भाव लावावा, कारण दख्खनचा खरेदीदार ती रक्कम मोजत होता. मिरीवाल्याने या कागदावर एक पार्दाव (गोव्याचे नाणे) घालू नये. आणि यात्रेकरूंचे मोठे जहाज सोडणाऱ्याने, विशेषतः १६१३ नंतर, कार्ताझ घ्यावाच, पण जहाज निघण्यापूर्वी सुरतेच्या सुभेदाराचे आणि गोव्याच्या व्हाइसरॉयचे त्या महिन्यात कसे चालले आहे, याची चौकशी बंदरावर करून घ्यावी.