चार पायऱ्यांसाठी रॅम्प की प्लॅटफॉर्म लिफ्ट?

जुन्या सोसायटीत लिफ्ट असते, पण तिच्यापर्यंत पोचायला चार पायऱ्या चढाव्या लागतात. व्हीलचेअरवाल्यासाठी ती लिफ्ट नसल्यातच जमा.

रॅम्पचं सगळं गणित उतारावर. नियम १:१२ चा, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. चार पायऱ्या साधारण २ फुटांच्या, म्हणजे रॅम्प २४ फूट. वर आणि खाली खुर्ची वळवायला पाचेक फूट सपाट जागा, पुरेशी रुंदी, दोन्ही बाजूंना कठडा. एवढं मोजलं की कुणाचं तरी पार्किंग जातं आणि सभेत विषय बारगळतो. मग कंत्राटदार ‘थोडा चढ चालेल’ म्हणत १२ फुटांत उरकतो, वर गुळगुळीत टाइल. चढताना मागून ढकलायला माणूस लागतो, उतरताना खुर्ची हातातून सुटते. असा रॅम्प स्कूटर चढवायला मात्र झकास!

प्लॅटफॉर्म लिफ्ट म्हणजे व्हीलचेअरसकट माणसाला तेवढ्या पायऱ्यांपुरतं वर उचलणारा छोटा मंच. तिला त्या मानाने जागा फारच थोडी लागते. पण वीज गेली की बंद, देखभालीचा खर्च कायमचा, आणि किल्ली वॉचमनच्या खिशात असली तर आधी वॉचमन शोधा.

जागा असेल तर माझं मत रॅम्पलाच. बाबागाडी, गॅस सिलिंडर, गुडघेदुखीवाल्या आजी, सगळे त्यावरून जातात. जागा नसेल तर लिफ्ट घ्या, पण बॅटरी बॅकअपसकट.

नव्या इमारतीचा प्रश्न वेगळा. दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला मंजुरीच देता येत नाही.