ऑस्टर्ली पार्क : थकीत कर्जात मिळालेला वाडा

मुलाकडे लंडनला आलेल्या आईबाबांना पहिल्या रविवारी बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाबाहेर उभं करतातच. दुसऱ्या रविवारी कुठे न्यायचं, हे पश्चिम लंडनमधल्या हौन्स्लोच्या बाजूला राहणाऱ्यांना तरी शोधावं लागू नये. भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनवर ऑस्टर्लीला उतरा. १९३४ सालच्या त्या स्टेशनवरचा विटांचा मनोरा बघा आणि ऑस्टर्ली पार्कच्या वाड्याकडे चालत निघा.

एकेकाळी हा सगळा शेतीचा मुलूख होता. १९२५ मध्ये ग्रेट वेस्ट रोड झाला आणि मग जोडघरांच्या रांगा आल्या. पुढे १९६५ मध्ये तर एम-फोर महामार्ग थेट इस्टेटीतून गेला. वर हीथ्रोची विमानं. आमच्या सौ.ना या आवाजाचा त्रास झाला, मला नाही. मी आयुष्यभर बँकेत कर्ज विभागात होतो, माझं सगळं लक्ष वाड्याच्या कागदपत्रांच्या कहाणीकडे.

मूळ वाडा बांधला टॉमस ग्रेशमने, १५७० च्या दशकात. लंडनचं रॉयल एक्स्चेंज उभारणारा हाच. पहिली एलिझाबेथ राणी इथे मुक्कामाला आली, अंगण फार मोठं आहे, मधे भिंत हवी म्हणाली, आणि ग्रेशमने रातोरात गवंडी आणून सकाळपर्यंत भिंत उभी केली, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, मोठ्या खातेदाराची मर्जी सांभाळणारा माणूस मला लगेच ओळखू आला.

नंतरच्या मालकांपैकी एक निकोलस बार्बन. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये घरं बांधून विकणारा बिल्डर. त्याने वाडा गहाण टाकला. मरताना मृत्युपत्रात लिहून गेला म्हणे, की माझं एकही देणं फेडू नका! अखेर १७१३ मध्ये वाडा फ्रान्सिस चाइल्ड या फ्लीट स्ट्रीटवरच्या सराफ-बँकरच्या हाती आला. थकीत कर्जाच्या वसुलीत असं तारण हाती लागलेलं मी तरी पाहिलेलं नाही. आमच्या वाट्याला बंद पडलेल्या पिठाच्या गिरण्या यायच्या.

आज आपण बघतो ते रूप वास्तुविशारद रॉबर्ट ॲडमचं, १७६१ पासूनचं. समोर पायऱ्या, खांबांची उघडी दुहेरी रांग, पलीकडे अंगण. ड्रॉइंग रूममध्ये छताची नक्षी खालच्या गालिच्यात उतरवली आहे, त्यामुळे मान वर आणि खाली करून दुखायला लागते. लांब दालन १३० फुटांचं. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात विणलेल्या भिंतपडद्यांची खोली सर्वांत देखणी, पण अंधारी. कापड उन्हाने विटू नये म्हणून उजेड कमी ठेवतात. चष्मा विसरू नका. राजेशाही पलंगावर घुमट आहे. त्या काळचा लेखक होरेस वॉलपोल याने १७७३ मध्ये या घराला ‘राजवाड्यांचा राजवाडा’ म्हटलं, पण हा घुमट पाहून बायकांच्या टोप्या शिवणारीने सजवलाय असा टोमणाही मारला. मी त्याच्या बाजूने.

इथे आपला संबंधही आहे. चाइल्ड घराण्यातले काहीजण ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक होते. घराण्याचं चिन्ह रंगवून चीनहून मागवलेली भांडी पाहताना हे लक्षात ठेवलं, तर कपाटापुढे जरा जास्त वेळ थांबावंसं वाटतं. मी थांबलो.

माझ्या लेखी वाड्याची खरी नायिका मात्र सेरा सोफिया. तिची आई १७८२ मध्ये वेस्टमोरलंडच्या अर्लबरोबर (म्हणजे तिथल्या उमरावाबरोबर) पळून जाऊन लग्न करणाऱ्यांच्या स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीन गावी गेली. आजोबा रॉबर्ट चाइल्ड चिडले. संपत्ती जावयाच्या घराण्यात जाऊ नये म्हणून मुलीला डावलून पुढच्या पिढीच्या नावे लिहून ठेवली, आणि त्याच वर्षी वारले. त्यामुळे नात सेरा सोफिया सज्ञान झाल्यावर, १८०६ पासून १८६७ मध्ये मरेपर्यंत, चाइल्ड घराण्याच्या बँकेची मुख्य भागीदार होती. एकसष्ट वर्षं! आमच्याकडे साठीला हार घालून घरी पाठवतात.

१९४९ मध्ये सेरा सोफियाच्या वंशातल्या जर्सीच्या नवव्या अर्लने वाडा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिला. बागेच्या मोकळ्या भागात फिरायला पैसे पडत नाहीत, घराला तिकीट आहे. ग्रेशमच्या काळातले विटांचे तबेले अजून उभे आहेत आणि तिथेच कॅफे आहे. गुडघे दुखत असतील तर आधी घर बघा, बागेतलं तळं नंतर. फक्त फोटोसाठी येणाऱ्यांनी तिकिटाचे पैसे वाचवावेत, बाहेरचे खांब फुकटात मिळतात.