घरावरचं ३ किलोवॅट सोलर, रमणमळा, कोल्हापूर: वर्षभराचा अनुभव आणि फुटलेल्या पॅनलची गोष्ट

नोव्हेंबर २०२४ ला आमच्या रमणमळ्यातल्या घरावर सोलर बसवलं, आता वर्ष होऊन गेलं, एक पावसाळा अख्खा बघून झाला, म्हणून आता लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही, चार जणांची कोटेशन घेतली होती आणि चौघांकडं एकाच गोष्टीचं उत्तर नव्हतं, ते पुढं येईलच.

आधी सरळ माहिती. ३ किलोवॅट, सहा पॅनल, बॅटरी नाही, नेट मीटरवर, म्हणजे जादा वीज ग्रिडला जाते आणि बिलातून वळती होते. खर्च १ लाख ९५ हजार आला आणि पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेची ७८ हजार सबसिडी खात्यावर जमा झाली. आमचं बिल अडीच हजाराच्या आसपास यायचं, ते आता दोनशेच्या आत आलंय. मार्च-एप्रिलला दिवसाला १३ युनिट सहज पडतात, जुलैत मात्र ४-५ वर येतं आणि पाऊस लागून राहिला की दोन युनिटवर पण दिवस गेलेत, कोल्हापूरचा पाऊस माहीतच आहे, तेव्हा कुणी बारा महिने रोज १२ युनिट सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, वर्षाची सरासरी विचारा.

पॅनलला माझ्याकडून पाचपैकी पाच. स्ट्रक्चर, म्हणजे पॅनल ज्यावर बसतात तो सांगाडा, आठ फूट उंच घेतलं, पाच-सहा हजार जादा गेले पण ते पैसे वसूल, कारण उन्हाळ्यात आई आणि मिसेस गच्चीवर मिरच्या वाळत घालतात, वर्षाचा कांदा-लसूण मसाला करायचा असतो, बुटकं स्ट्रक्चर केलं असतं तर अर्धी गच्ची गेली असती. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा, चिनी बनावटीचा आहे, काम चोख करतो, आवाज नाही, बंद पडला नाही, पण त्याच्या ॲपमधली भाषा कळायला महिना गेला आणि पावसात वायफायची काडी दोनदा गेली, म्हणून चार.

एक गोष्ट नदीकाठच्या सगळ्यांसाठी. कंपनीचा माणूस इन्व्हर्टर खाली पार्किंगमध्ये मीटरशेजारी लावायला निघाला होता, वायर कमी लागते म्हणून. मी म्हणलं भावा, २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ ला आमचा मीटर बॉक्स पाण्याखाली होता, आणि तू इथं इन्व्हर्टर लावतोयस? मग जिन्याच्या माथ्यावर लावला. हे त्यांनी आपणहून विचारायला पाहिजे होतं, इथलीच माणसं आहेत ती.

आता मुद्द्याची गोष्ट.

पॅनल दोरीनं वर ओढताना एक कठड्याला आपटलं. काच खाली पडत नाही, जागच्या जागी खडीसाखरेसारखी तडकते आणि चिकटून राहते, लांबून बघितलं तर कोळ्याचं जाळं वाटतं. नवीन पॅनल नवव्या दिवशी आणून बसवलं, पैसे मागितले नाहीत, इथवर काही तक्रार नाही. पण फुटलेलं पॅनल पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवून पोरं निघाली. मी विचारलं हे कोण नेणार, तर सुपरवायझर म्हणाला, दादा, भंगारवाल्याला द्या, ॲल्युमिनियमच्या फ्रेमचे पैसे येतील तुम्हाला.

भंगारवाल्या मामांना बोलावलं. त्यांनी प्रामाणिकपणानं सांगितलं की फ्रेम आणि मागची वायर मी काढून घेतो, बाकी काच कुणी घेत नाही, ती टाकून द्यायची. कुठं टाकणार विचारलं तर हात नाल्याकडं केला. म्हणजे जयंती नाला, आणि तिथनं पंचगंगा. मी दिलं नाही. कारण ते नुसतं काचेचं तावदान नसतंय. आत वीज बनवणाऱ्या सेलना जोडणाऱ्या बारीक तांब्याच्या पट्ट्या असतात, त्यावर कथिल आणि शिशाचा मुलामा असतो, काच फुटलेली असली की पावसाचं पाणी आत जातं आणि ते शिसं हळूहळू बाहेर यायला वाट मिळते. एका पॅनलनं नदी मरत नाही हे मलाही कळतं, पण आज गल्लीगल्लीत सोलर चढतंय, वीस-पंचवीस वर्षांनी हे सगळं एकदम उतरणार आहे.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, खरेदी बघतो, त्यामुळं वस्तू कुठनं येते आणि वापरून झाल्यावर कुठं जाते हे विचारायची सवयच आहे. आमच्या धंद्यातसुद्धा वापरलेली वाळू कुठं टाकायची हा वर्षानुवर्षांचा प्रश्न आहे, त्यामुळं दुसऱ्याकडं बोट दाखवताना स्वतःचं आधी आठवतं. सबसिडी घ्यायची तर सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले पाहिजेत असा नियम आहे, आमचे तसेच आहेत, पण सेल ज्या पातळ चकतीवर बनतो ती वेफर बहुतेक चीनमधूनच येते. पॉलिसिलिकॉन या कच्च्या मालापासून पॅनलपर्यंत प्रत्येक टप्प्यावर जगातलं ८० टक्क्यांच्या वर उत्पादन चीनमध्ये आहे. आम्ही फेरोसिलिकॉनच्या (लोखंड आणि सिलिकॉनचा मिश्रधातू) गोण्या रोज भट्टीला देतो, तेव्हा सिलिकॉन काढायला वीज किती जाते हे मला कुणी सांगायला नको, आणि जगभरात सोलर बनवायला लागणाऱ्या विजेतली ६० टक्क्यांच्या वर कोळशावरची आहे. आता यावरून कुणी म्हणेल मग सोलर कशाला, तर तसं नाही, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा हिशोब आहे की पॅनल बनवताना झालेलं कार्बन उत्सर्जन ते पॅनल चार ते आठ महिन्यांत भरून काढतं आणि पुढं पंचवीस वर्षं चालतं. आमच्या पॅनलनी ते केव्हाच फेडलं. म्हणूनच पाचपैकी पाच दिलेत.

ते फुटकं पॅनल टाकीला टेकवून होतं त्याच दिवसांत, फेब्रुवारी २०२५ मध्ये, आफ्रिकेतल्या झांबियाची बातमी आली. तांब्याचा भाव बघायचा म्हणून मी खाणींच्या बातम्या वाचत असतो. १८ फेब्रुवारीला तिथल्या तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात, चंबिशीजवळ, चिनी सरकारी समूहाच्या कंपनीचा खाणीचा आम्लयुक्त गाळ अडवणारा बांध फुटला. तेव्हाच्या अंदाजानुसार ५ कोटी लिटर घाण ओढ्यातून काफुए नदीत गेली, शंभर किलोमीटर खालपर्यंत प्रदूषणाच्या खुणा सापडल्या, मासे मेले, काठावरची पिकं जळाली. किट्वे म्हणून सात लाखांचं शहर आहे, त्याचा पाणीपुरवठा बंद करावा लागला. आम्ल मारायला सरकारनं विमानातून नदीत चुना टाकला.

पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच आपण डोळ्यांनी बघितलाय, २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा घरोघरी पाणी उकळून प्यायचो. त्यामुळं ते किट्वेचं वाचताना मला ते परकं वाटलंच नाही. माझ्या गच्चीवरनं जिन्यातून खाली आलेली वायर तांब्याची, अर्थिंगची पट्टी तांब्याची. ते तांबं तिथलंच आहे असं मी म्हणत नाही, पण तांबं कुठल्यातरी नदीच्या उशाला खणलेलंच असतंय. आणि पॅनलची ॲल्युमिनियमची फ्रेम म्हणजे बॉक्साईट, त्यासाठी लांब जायला नको, राधानगरी आणि शाहूवाडीत डोंगर कसे खरवडले गेलेत ते जाऊन बघा. चीन तेच बॉक्साईट आफ्रिकेतल्या गिनीमधून जहाजं भरभरून नेतोय.

मग मी जरा खोलात शिरलो की चीन बाहेरच्या देशांत एवढे रस्ते, धरणं, खाणी, वीजकेंद्रं बांधतोय तर पर्यावरणाचे नियम काय आहेत. नियम आहेत. बाहेरच्या देशांतल्या या बांधकामांच्या चिनी योजनेचं नाव बेल्ट अँड रोड, २०१७ पासून हरित बेल्ट अँड रोड म्हणून कागद निघतायत, जुलै २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली की ज्या देशात काम करताय तिथले नियम ढिले असतील तर आंतरराष्ट्रीय किंवा चीनचे स्वतःचे कडक नियम पाळा, जानेवारी २०२२ ला अजून एक संच आला. सप्टेंबर २०२१ मध्ये शी जिनपिंग यांनी संयुक्त राष्ट्रांत जाहीर केलं की परदेशात नवीन कोळसा वीजप्रकल्प बांधणार नाही. हा निर्णय मोठा आहे, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण जुलै २०२१ ची ती तत्त्वं वाचली की कळतं, ती बहुतेक प्रोत्साहनाच्या भाषेत आहेत, असं करावं, तसं करावं, नाही केलं तर काय, ते पत्ता लागत नाही. आणि इंडोनेशियात निकेलच्या चिनी कारखान्यांच्या आवारात, त्या कारखान्यांपुरते म्हणून, कोळशाचे संच त्या घोषणेनंतरही उभे राहत गेले. निकेल आम्ही पण घेतो, स्टेनलेसच्या कास्टिंगला.

आता केनियाचं बघा. लामू म्हणून जुनं बंदर आहे, जागतिक वारसा यादीतलं, त्याच्या शेजारी १,०५० मेगावॅटचा कोळसा प्रकल्प येणार होता, पैसा चिनी बँकेचा. स्थानिक लोक, त्यात मच्छीमार पण, पर्यावरण न्यायाधिकरणात गेले आणि जून २०१९ मध्ये परवाना रद्द झाला, कारण लोकांना नीट विचारलंच नव्हतं, सुनावणी धड झाली नव्हती. पुढच्या वर्षी ती बँकही बाहेर पडली. चीनची घोषणा २०२१ ची, लामूच्या लोकांनी ते दोन वर्षं आधी करून दाखवलं. त्याच केनियात गरिसाला चिनी कर्जातून ५० मेगावॅटचं सोलर केंद्र पण उभं राहिलंय. देणारा तोच, घेणारा काय मागतो त्यावर फरक पडतो असं माझं मत झालंय. पाकिस्तानचं पण तसंच, आधी साहिवालसारखे १,३२० मेगावॅटचे कोळसा प्रकल्प चिनी कर्जावर घेऊन बसले, वीज महाग झाली, मग लोकांनीच आपापल्या छतावर चिनी पॅनल चढवली, २०२४ या एका वर्षात १७ गिगावॅटच्या (१७ हजार मेगावॅट) आसपास पॅनल तिथं आली. ती पॅनल उतरतील तेव्हा कुठं जाणार, हा माझ्या टाकीजवळचाच प्रश्न आहे, फक्त कितीतरी पटीनं मोठा.

आपल्याकडं तर नियम पण आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल धरलेली आहेत, उत्पादकानं पॅनलचा कचरा नीट साठवून ठेवायची जबाबदारी आहे. हे वाचल्यावर मी कंपनीला आधी व्हॉट्सॲपवर आणि मग ईमेलवर लिहिलं, पॅनलच्या मागच्या स्टिकरचा फोटो आणि सिरीयल नंबर जोडून. पहिलं उत्तर आलं, सर, अशी प्रोसेस नाही. दुसऱ्याला उत्तरच नाही. तिसऱ्या वेळी नियमाचं नाव लिहिलं आणि पॅनल बनवणाऱ्यांना पण तोच मेल पाठवला. एप्रिलमध्ये, वळीव सुरू व्हायच्या आत, छोटा हत्ती टेम्पो आला आणि पॅनल घेऊन गेला. मी पोचपावती मागितली, सिरीयल नंबरसकट, माणसानं तिथंच बॉनेटवर लिहून सही करून दिली. पाच महिने मी त्या फुटक्या काचेवर पाऊस पडू नये म्हणून ताडपत्री घालून बसलो होतो, जे काम एका फोनमध्ये व्हायला पाहिजे होतं. म्हणून कंपनीच्या सेवेला पाचपैकी तीनच्या वर जात नाही. पोरं कामाला चांगली आहेत, वायरिंग स्वच्छ, अर्थिंगचे तिन्ही खड्डे समोर उभं राहून करून घेतले, विजेच्या कडकडाटात वर्षभरात काही जळलं नाही.

सोलर घ्यायचं असेल तर नक्की घ्या, आमच्या घरात सगळे समाधानी आहेत. फक्त ॲडव्हान्स द्यायच्या आधी तीन गोष्टी लेखी घ्या: इन्व्हर्टर पुराच्या पाण्याच्या वर लागेल, वेफर कुठली आहे ते सांगतील, आणि फुटलेलं किंवा जुनं झालेलं पॅनल तेच परत नेतील. तोंडी नको. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही, चौघांनाही विचारलं, सगळे म्हणाले असं आजपर्यंत कुणी विचारलंच नाही. आपण दहा जणांनी विचारलं की ते वर विचारतील.

गेल्या आठवड्यात शेजारच्या अण्णांनी त्याच कंपनीला बोलावलं होतं, मी पण गेलो बसायला. अण्णांनी माझी पावती पुढं ठेवली आणि म्हणाले हे आधी लिहा, मग बोलू. तोच सुपरवायझर होता. त्यानं ऑफिसला फोन लावला, बाहेर जाऊन पाचेक मिनिटं बोलला, आणि आत येऊन कोटेशनच्या दुसऱ्या पानावर खाली पेननं लिहिलं, खराब पॅनल कंपनी स्वखर्चानं परत नेईल, आणि शिक्का मारला.