ट्रिगर स्वतःलाच पुन्हा चालवतो तेव्हा: पातळी मोजावी की मूल्ये ताडून पाहावीत?

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर व्यावसायिक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला रिकर्सिव्ह ट्रिगर, म्हणजे टेबलातील बदलासरशी आपोआप चालणारा आणि स्वतःच केलेल्या बदलामुळे पुन्हा चालू लागणारा कोड, आवरण्याचे मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिल्यात ट्रिगर-नेस्टलेव्हल या फंक्शनला पातळी, म्हणजे एकातून एक चाललेल्या ट्रिगरांच्या साखळीतला हा कितवा, हे विचारायचे आणि ट्रिगर आधीच चालू असेल तर लगेच परत फिरायचे. दुसऱ्यात बदलानंतरच्या ओळी दाखवणाऱ्या इन्सर्टेड आणि आधीच्या ओळी दाखवणाऱ्या डिलिटेड या टेबलांतील मूल्ये ताडून पाहायची आणि खरोखर काही बदलले नसेल तर थांबायचे. डेटाबेसमधील रिकर्सिव्ह ट्रिगर्सची सेटिंग मुळात बंदच असते, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पण ती सेटिंग ट्रिगरने थेट स्वतःला चालवणे तेवढे थांबवते. दोन टेबलांचे ट्रिगर एकमेकांना चालवू लागले की तिचा उपयोग होत नाही, आणि तेही थांबवणारा नेस्टेड ट्रिगर्सचा पर्याय संपूर्ण सर्व्हरला लागू होतो. इतरांचेही डेटाबेस असलेल्या सर्व्हरवर त्याला हात लावण्याचे धाडस मी करणार नाही.

पातळी मोजण्याचा मार्ग मला बरीच वर्षे पुरला. एका ओळीत काम होते आणि नंतर येणाऱ्या माणसालाही तो वाचताक्षणी कळतो. एक पथ्य मात्र पाळावे लागते. फंक्शनला काहीच न देता विचारले तर ते साखळीतले सगळे ट्रिगर मोजते, त्यामुळे खरेदीच्या टेबलावरील ट्रिगरने साठ्याच्या टेबलात रास्त बदल केला तरी साठ्याचा ट्रिगर दुसऱ्या पातळीवर असल्याच्या समजुतीने गप्प बसतो. ट्रिगरचा स्वतःचा ऑब्जेक्ट आयडी (डेटाबेसमधील त्याचा ओळख-क्रमांक) दिला की फक्त त्याच ट्रिगरच्या फेऱ्या मोजल्या जातात आणि ही अडचण सुटते.

माझे मन वळले ते दुसऱ्याच कारणाने. पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी आम्ही किमतीची आकारणी लिहिली होती. बेअरिंग, ते ज्यात बसते ती शाफ्ट असेंब्ली आणि ती ज्यात बसते तो पंप, हे सगळे नग एकाच टेबलात होते. खालच्या नगाची किंमत बदलली की ट्रिगरने वरच्या नगाची किंमत बदलायची, असा बेत होता. त्यासाठी रिकर्सिव्ह ट्रिगर्स मुद्दाम चालू केले होते. परंतु तोच ट्रिगर ‘शेवटचा बदल’ हा रकानाही त्याच ओळीत लिहीत असल्यामुळे तो थांबेना आणि 32 पातळ्यांची मर्यादा ओलांडून 217 क्रमांकाची त्रुटी देऊ लागला, म्हणून मी सवयीने पातळीची अट घातली. त्रुटी गेली. त्याचबरोबर बेअरिंगची वाढलेली किंमत शाफ्टपर्यंत पोहोचून तिथेच थांबू लागली, कारण शाफ्टमधील बदलाने ट्रिगर पुन्हा चालला तो माझ्याच अटीला अडून परतला. पंपाची कोटेशने जुन्या किमतीने जात राहिली आणि कुठेही एक अक्षर त्रुटी उमटली नाही. पातळी मोजणाऱ्या अटीला पुन्हा आलेला ट्रिगर निरर्थक आहे की गरजेचा, हे कळत नाही. तिला फक्त तो कितव्यांदा आला एवढेच कळते.

मूल्ये ताडून पाहिली की हा प्रश्न उरत नाही. किंमत बदललेली एकही ओळ नसेल तर परत फिरायचे, ही अट ट्रिगरच्या अगदी सुरुवातीला हवी, कारण एकाही ओळीत बदल न करणाऱ्या अपडेटनेसुद्धा ट्रिगर चालतोच. यात कटकटी नाहीत असे नाही. रकाना बदलला का हे सांगणाऱ्या अपडेट या फंक्शनवर विसंबता येत नाही. रकाना अपडेटच्या आज्ञेतील सेटच्या यादीत असला की मूल्य तेच राहिले तरी ते होकार देते. नल, म्हणजे भरलेलीच नसलेली, किंमत साध्या ‘बरोबर नाही’च्या तुलनेत निसटते, म्हणून नलचीही दखल घेणारे एक्सेप्ट वापरावे किंवा 2022 च्या आवृत्तीपासून मिळणारे इझ डिस्टिंक्ट फ्रॉम वापरावे. प्रायमरी की, म्हणजे ओळीची ओळख पटवणारे मूल्य, बदलण्याची मुभा असेल तर जुनी आणि नवी ओळ जुळवणेच अवघड होते. दर वेळी दोन टेबले वाचण्याचा भार किती, हे मी मोजलेले नाही. आमच्या काही हजार नगांच्या टेबलावर तो जाणवला नाही, लाखो ओळी एका फटक्यात बदलणाऱ्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

बदलांची नोंदवही लिहिणाऱ्या ट्रिगरसाठी मी आजही पातळीच मोजतो, कारण त्याने एकदाच चालावे हेच तिथे अपेक्षित असते. किमतीसारखा आकडा पुढे सरकवायचा असेल तर मात्र मूल्ये ताडणेच बरे, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. मूल्ये ताडू लागल्यानंतर 217 ची त्रुटी आम्हाला एकदा पुन्हा दिसली: कोणीतरी एक असेंब्ली चुकून तिच्याच एका भागाचा भाग म्हणून नोंदवली होती, किंमत फेऱ्यागणिक वाढत गेली आणि शेवटी सगळा व्यवहारच (ट्रान्झॅक्शन) मागे फिरून त्यातले बदल रद्द झाले. पातळीची अट असती तर एका फेरीनंतरचा तो चुकीचा आकडा निमूटपणे टेबलात जाऊन बसला असता.