बंड्याची फिटची गोळी: आठ महिन्यांचा अनुभव

आमचा बंड्या म्हणजे इंडी (गावठी) कुत्रा, वय चार, वजन २० किलो. मागच्या पावसाळ्यात पहिली फिट आली, पंधरा दिवसांत अजून दोन, मग डॉक्टरांनी फेनोबार्बिटोन ६० एमजी सकाळ-संध्याकाळ लिहून दिली. माणसांचीच गोळी ही, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, मानपाड्याला तिसऱ्या मेडिकलमध्ये मिळाली. डॉक्टर म्हणाले दोन वेळा द्या, महिन्याने दाखवा. झालं, एवढंच.

चौथ्या दिवसापासून मागचे पाय लटपटायला लागले, दारू टाकून आल्यासारखा चालायचा, पाणी तर इतकं प्यायचा की रात्री तीनदा सू ला खाली न्या, आणि भूक अशी की आईने भाजलेली भाकरी ताटातून पळवली. आम्हाला वाटलं किडनी गेली. आई म्हणाली बंद कर ते विष आणि मी पण केली बंद, डॉक्टरांना फोन न करता. ही चूक माझीच. दोन दिवसांनी रात्री दीडला लागोपाठ तीन फिट्स, आणि घोडबंदर रोडवर कुत्रं बघून एकही रिक्षा थांबेना.

ज्या डॉक्टर मॅडमकडे शेवटी पोचलो त्यांनी आधी हेच विचारलं, गोळी कधी थांबवली? मग फाइलच्या मागे मराठीत लिहून दिलं. ही गोळी एकदम कधीच बंद करायची नाही, बंद केली की फिट उलट जोरात येते. लटपट, तहान, भूक ठरलेलीच, लटपट दोन-तीन आठवड्यांत बरीच कमी होते, तहान-भूक मात्र राहू शकते. खाणं सोडलं, उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले तर लगेच या, लिव्हरचा प्रश्न असू शकतो. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर वाट बघायची नाही. पंधरा दिवसांनी रक्तातली औषधाची लेव्हल, मग दर सहा महिन्यांनी लेव्हल आणि एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी), कारण लिव्हर हळूहळू औषध लवकर फोडायला शिकतं आणि त्याच डोसला लेव्हल खाली येते. दहा मिनिटं लागली सांगायला. पहिल्या डॉक्टरांकडे ही दहा मिनिटं नव्हती म्हणे, बाहेर लाइन होती. लाइन होती हे खरंय, मी पण त्यातच बसलो होतो.

आता आठ महिन्यांत दोनच फिट्स, त्याही मिनिटभराच्या. लेव्हल २२ आली, साधारण १५ ते ४० मध्ये हवी असते. वजन मात्र अडीच किलो वाढलंय, आई गुपचूप चपाती देते. गोळीला पाचात चार.

पुढची टेस्ट गणपतीच्या आधी. ठाण्यात कुठली लॅब कुत्र्याचं सॅम्पल कटकट न करता घेते कुणाला माहितीये का? गेल्या वेळी फॉर्मवर पेशंटचं आडनाव विचारत होते, शेवटी आमचंच टाकलं.